समुपदेशकाच्या खुर्चीत कोण बसणार?

महाविद्यालयात किंवा वसतिगृहात एखाद्या विद्यार्थ्याने आत्महत्या केली की पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. दोन दिवस बातम्या येतात, मोर्चा निघतो, चौकशी समिती नेमली जाते आणि मग प्रशासन जाहीर करते की संस्थेत समुपदेशन केंद्र सुरू करण्यात येईल किंवा असलेले केंद्र बळकट करण्यात येईल. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. पवईच्या आयआयटीतला दर्शन सोळंकी १२ फेब्रुवारी २०२३ रोजी गेला. या प्रत्येक मृत्यूनंतर न्यायाची मागणी झाली, ती योग्यच होती. रोहित आणि पायल यांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेही याच न्यायासाठी. पण या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या समुपदेशन केंद्राच्या खुर्चीत जो माणूस बसणार आहे, तो कोण असेल? तो काय शिकून आलेला असेल? आणि समोर बसलेले आपले लेकरू जे सांगेल, ते समजून घेण्याची त्याची तयारी कोणी करून घेतली असेल?

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे, त्याला कारण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात १३,०४४ विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रातली होती. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. वंचित समूहांतून आलेल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे आणि भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आदेश चांगला आहे. पण एकट्या महाराष्ट्रात शंभरावर विद्यार्थी असलेल्या शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे मोजायला बसलो तर हजारो जागा निघतील. एवढी माणसे आणायची कुठून? आदेश निघाला म्हणून समुपदेशक तयार होत नाही. तो घडवावा लागतो.

आणि घडवण्याच्या बाबतीत आपल्या देशात काय परिस्थिती आहे? डॉक्टरकीसाठी परिषद आहे, वकिलीसाठी परिषद आहे, परिचारिकेसाठी परिषद आहे. समुपदेशकासाठी मात्र कित्येक वर्षे कोणीच नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. त्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, मानसिक आरोग्य परिचारिका, आयुष पद्धतींतले काही पदव्युत्तर, एवढे त्यात येतात. समुपदेशक येत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्याने बनलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यासाठी रुग्णालयात राहून करायचा दोन वर्षांचा एम.फिल. हा आजवरचा मुख्य मार्ग होता. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. पदवीच काढून टाकली गेली, या अभ्यासक्रमाला तेवढी काही वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि त्याच्या जागी नवे अभ्यासक्रम आखले गेले. पण त्याच्या जागा पूर्वीपासून इतक्या थोड्या की त्या सर्वसामान्य घरातल्या मुलाच्या वाट्याला येणे म्हणजे नशिबाचीच गोष्ट.

उरला साधा समुपदेशक. त्याचे दार सताड उघडे होते. कोणी दोन वर्षांचे एम.ए. करून समुपदेशक झाला, कोणी एम.एस.डब्ल्यू. करून, कोणी एका वर्षाची पदविका घेऊन, तर कोणी शनिवार-रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून. फलक लावायला कोणाची परवानगी लागत नाही. याचा फटका कोणाला बसतो? ज्याच्याकडे पैसा आहे तो चौकशी करतो, ओळखीतून चांगला माणूस शोधतो. ज्याच्याकडे पैसाही नाही आणि ओळखही नाही, तो समोर दिसेल त्या फलकाच्या आत शिरतो. मनाची दुखणी घेऊन आलेल्या माणसावर अर्धवट शिकलेला हात पडला तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

मुळात समुपदेशन म्हणजे काय, याबद्दलच आपल्याकडे गैरसमज आहे. सल्ला देणे म्हणजे समुपदेशन असे बहुतेकांना वाटते. सल्ला द्यायला आपल्या वस्तीत माणसांची कमी नाही. 'मन घट्ट कर', 'अभ्यासात लक्ष घाल', 'आई-बापाचा विचार कर' हे सांगायला एम.ए. करावे लागत नाही. समुपदेशकाचे काम वेगळे आहे. समोरच्याचे ऐकायचे, त्याला न झिडकारता ऐकायचे. तो जे बोलत नाही तेही ओळखायचे. त्याच्या जिवाला धोका आहे का हे स्पष्ट शब्दांत विचारायचे. हा आजार औषधाचा आहे की परिस्थितीचा की दोन्हींचा, हे पारखायचे. गरज दिसताच डॉक्टरकडे पाठवायचे. आणि ऐकलेले गुपित पोटात ठेवायचे. पोहणे जसे पुस्तक वाचून येत नाही तसे हे कामही पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, खऱ्या माणसांसोबत, शेकडो तास बसावे लागते.

अमेरिकेत समुपदेशकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला मान्यता देणारी जी मुख्य संस्था आहे, तिने मानसिक आरोग्य समुपदेशनाच्या अभ्यासक्रमासाठी ६० श्रेयांक, १०० तासांचे प्राथमिक प्रात्यक्षिक आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप ठरवून दिली आहे. या ६०० पैकी किमान २४० तास प्रत्यक्ष माणसांसोबत बसून काम केलेले असावे लागतात, आणि सबंध काळ अनुभवी समुपदेशकाची देखरेख असते. पदवी मिळाल्यावरही परवाना मिळवण्यासाठी आणखी देखरेखीखालचे काम आणि परीक्षा असते. त्यांचे सगळे चांगले आणि आपले सगळे वाईट असे आम्ही म्हणत नाही. तिथेही हे तास बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतात आणि गरीब विद्यार्थ्याचे त्यात हाल होतात. पण निदान तास किती आणि देखरेख कोणाची, हे ठरलेले आहे. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्राचे एम.ए. म्हणजे सिद्धांत, चाचण्या, प्रयोगवही आणि शेवटी एक प्रबंध. खऱ्या दुःखी माणसासमोर विद्यार्थी पहिल्यांदा बसतो तो नोकरी लागल्यावर. म्हणजे शिकण्याची किंमत तो पहिला दुःखी माणूस मोजतो.

ही अंदाधुंदी थांबावी म्हणून २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मानसशास्त्रज्ञ, निरनिराळ्या प्रकारचे समुपदेशक, एचआयव्ही समुपदेशक, मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते हे सारे त्यात एका गटात आणले गेले. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची असावी, असे या कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. कायद्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांचे कान उपटावे लागले. तरीही दिशा योग्य आहे. नोंदणी हवी, किमान दर्जा हवा, तक्रार करायला जागा हवी. या मागणीला आमचा पाठिंबाच आहे.

पण इथेच आपल्या समाजाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. दर्जा वाढवण्याच्या नावाखाली दार कोणासाठी बंद होते, हे पाहण्याची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये या कायद्याचा आधार घेऊन मानसशास्त्रासह काही विषयांचे दूरशिक्षणाचे आणि ऑनलाइन अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून थांबवण्याचा निर्णय घेतला. निर्णयामागचे कारण पटण्यासारखे आहे. घरी बसून पुस्तके वाचून आणि परीक्षा देऊन समुपदेशक होता येत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. परंतु इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे मानसशास्त्राचे एम.ए. कोण करत होते? दिवसभर शाळेत शिकवणारी शिक्षिका, रुग्णालयात पाळ्या करणारी परिचारिका, तालुक्याच्या गावी राहून घर चालवणारा पदवीधर, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हातात घेतलेली गृहिणी. ज्यांना मुंबई-पुण्याला दोन वर्षे राहणे परवडत नाही, त्यांचे ते दार होते. ते दार कच्चे होते, मान्य. पण कच्चे दार काढून टाकले तर त्या जागी पक्के दार बसवावे लागते. भिंत घालून चालत नाही.

पक्के दार कसे बसवतात याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. अभ्यासक्रम सोपा केला नाही, वेळ बदलली. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. मराठवाड्यातल्या मुलांनी शिकण्यासाठी हैदराबादला जावे अशी अपेक्षा ठेवली नाही, महाविद्यालयच त्यांच्या जवळ नेले. दर्जा आणि संधी या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत, हा प्रस्थापितांचा आवडता युक्तिवाद आहे. बाबासाहेबांनी तो कृतीने खोटा पाडला होता.

आता पैशाचा हिशेब पाहू. खासगी विद्यापीठांतल्या समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क लाखांत जाते. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेतही अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीच्या सवलती काढून घेतल्याबद्दल २०१८ साली संप करावा लागला, हे विसरता येत नाही. शुल्क भरले तरी संपत नाही. इंटर्नशिप बहुधा मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयात किंवा संस्थेत, तीही बिनपगारी. राहण्याचा, खाण्याचा आणि लोकलच्या पासाचा खर्च आपलाच. पुढे वरिष्ठांची देखरेख हवी तर तिचे तासाला वेगळे पैसे. समुपदेशकाने स्वतःही समुपदेशन घ्यावे असा चांगला संकेत आहे, त्याचेही पैसे. ज्याच्या घरी दरमहा पैसे पाठवायचे असतात, तो मुलगा हे कसे करणार? म्हणून या पेशात शहरी, सुखवस्तू आणि वरच्या जातींतली माणसे अधिक दिसतात. कोणी फलक लावून आपल्याला अडवलेले नाही. हिशेबच असा मांडलेला आहे की आपण आपोआप गळतो.

ज्यांच्याकडे हे शिक्षण आहे ते काय शिकलेले असतात, हेही तपासले पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडले की समुपदेशकाकडे सच्चेपणा, समोरच्याचा अट न घालता स्वीकार आणि त्याच्या जागी उभे राहून पाहण्याची ताकद असावी. जगभर हे शिकवतात आणि ते योग्यच आहे. अॅरन बेक यांनी नैराश्यावर बोधात्मक उपचारपद्धती दिली. माणसाच्या मनात येणारे विपर्यस्त विचार ओळखायचे, पुराव्यावर तपासायचे आणि बदलायचे, ही तिची रीत आहे. तिने असंख्य लोकांना बरे केले आहे. या पद्धतीत विपर्यस्त विचारांची एक यादी शिकवतात. 'समोरचा माझ्याबद्दल वाईटच विचार करतो' असे पुराव्याविना धरून चालणे म्हणजे 'मन वाचणे', हा त्या यादीतला एक दोष.

आता कल्पना करा. आपला एक विद्यार्थी समुपदेशकासमोर बसला आहे. तो म्हणतो, "सर, माझे आडनाव कळल्यापासून मार्गदर्शक माझ्याशी नीट बोलत नाहीत. तोंडी परीक्षेत मलाच कमी गुण पडतात. मेसमध्ये मुले माझ्या टेबलावर बसत नाहीत." ज्या समुपदेशकाने जात पुस्तकातही पाहिली नाही आणि घरातही सोसली नाही, तो काय करेल? तो वहीत लिहील : मन वाचणे. सगळे स्वतःवर ओढवून घेणे. अतिसंवेदनशील. आणि अत्यंत प्रेमाने त्या मुलाला विचार बदलण्याचा गृहपाठ देईल. मुलगा खोलीवर परतेल तो आणखी एकटा होऊन, कारण आता त्याच्या वेदनेवर शास्त्राचा शिक्का बसला आहे की चूक त्याच्याच डोक्यात आहे. जातीचे मूळ माणसाच्या मनात असते असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितले, पण ते मन जात पाळणाऱ्याचे. इथे उपचार होतो तो जात सोसणाऱ्याच्या मनावर.

मनाच्या शास्त्राने असे पूर्वीही केले आहे. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना एक मानसिक आजार जडलेला असतो असे जाहीर केले आणि त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' असे भारदस्त नाव दिले. स्वातंत्र्याची ओढ हाच आजार ठरला! पुढे काळ्या समाजातूनच मानसशास्त्रज्ञ घडले तेव्हा चित्र बदलू लागले. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने काळ्या-गोऱ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून वंशभेदाने बालमनावर काय परिणाम होतो ते दाखवले, आणि १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतले वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवताना त्या प्रकारच्या अभ्यासाचा आधार घेतला. १९६८ साली काळ्या मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली. पीडित समाजातून त्या शास्त्राचे जाणकार निर्माण झाले तेव्हाच त्या शास्त्राला प्रश्न विचारले गेले. आपल्याकडेही 'द ब्लू डॉन'सारख्या गटाने दलित-बहुजनांना जात समजणारी मानसिक आरोग्य सेवा मिळवून देण्याचे काम हाती घेतले आहे. असे प्रयत्न मोलाचे आहेत. पण दोन-चार गटांच्या बळावर एवढा मोठा समाज तरून जाणार नाही. हे काम विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातच आले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येकाला आपल्याच जातीचा समुपदेशक हवा काय? मुळीच नाही. हृदयाचे ऑपरेशन करणाऱ्याची जात आपण विचारत नाही. जात समजून घेण्याचे शिक्षण कोणत्याही जातीत जन्मलेल्या माणसाला देता येते, आणि तेच द्यावे अशी आमची मागणी आहे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक दुखण्याचे कारण जातच आहे असे धरणारा समुपदेशकही धोकादायक आहे. मुलाला कानात आवाज ऐकू येत असतील, तो चार-चार रात्री झोपत नसेल, त्याचे खाणे सुटले असेल, तर त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. तिथे भाषण उपयोगाचे नाही. आजार आहे तिथे औषध, अन्याय आहे तिथे तक्रार आणि साथ, आणि दोन्ही आहे तिथे दोन्ही. हा विवेक करता येणे म्हणजेच शिक्षण. आपल्या वस्त्यांतही मनाचा आजार झाला की 'बाहेरचे झाले' म्हणून भगताकडे, बाबाकडे नेणारी माणसे आजही आहेत. घरात बुद्धाची प्रतिमा आहे म्हणून ही सवय सुटतेच असे नाही. ती सोडवायची तर वस्तीत जाऊन बोलू शकणारा शिकलेला माणूस लागेल.

तो माणूस वस्तीच्या भाषेत बोलणाराही लागेल. आपली आई 'मला डिप्रेशन आले आहे' असे सांगत नाही. ती म्हणते, जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, कशात मन लागत नाही, डोक्याला मुंग्या येतात, जगणे नकोसे झाले आहे. शेवटच्या वाक्यात धोक्याची घंटा आहे की रोजच्या त्राग्याची भाषा आहे, हे ओळखायला भाषेचा कान लागतो. समुपदेशनाचे चांगले ग्रंथ इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत, देखरेखीच्या बैठका इंग्रजीत, आणि माणसे मात्र मराठीत, अहिराणीत, गोंडीत, वऱ्हाडीत रडतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी या वर्गात मागच्या बाकावर बसतो आणि स्वतःला कमी समजतो. वास्तविक या पेशाचे सर्वांत मोठे भांडवल, म्हणजे लोकांची भाषा आणि लोकांचे जगणे, त्याच्याच जवळ असते. पण गुणपत्रिकेत त्याला एकही गुण नाही!

शासनाकडे मागायचे तर आपण भीक मागत नाही, हेही स्पष्ट असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीला शासनाने चालवलेल्या किंवा शासनाच्या पैशावर चाललेल्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला आहे, आणि ती सेवा जात, धर्म, लिंग, वर्ग अशा कोणत्याही कारणाने भेदभाव न करता मिळाली पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. जातीचा उल्लेख खुद्द कायद्यात आहे, मग तो समुपदेशकाच्या अभ्यासक्रमात का नसावा?

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. पहिली, दूरशिक्षणाचे दार बंद झाले असेल तर राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात किमान एका शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा. त्याचे वर्ग नोकरी करणाऱ्यांना जमतील अशा वेळी भरवावेत. वाचनाचा भाग ऑनलाइन आणि प्रत्यक्ष कामाचा भाग जिल्हा रुग्णालयात, अशी रचना करणे अवघड नाही. दुसरी, इंटर्नशिपला विद्यावेतन द्यावे. एम.बी.बी.एस.च्या आंतरवासिताला विद्यावेतन मिळते, मग मनाच्या उपचारासाठी राबणाऱ्याने उपाशी का राबावे? बार्टी स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणावर आणि पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीवर खर्च करते. तिने समुपदेशनाच्या प्रशिक्षणार्थींसाठीही योजना आखावी. तिसरी, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची केंद्रे ही प्रशिक्षणाची मान्य ठिकाणे करावीत आणि देखरेख करणाऱ्या वरिष्ठांची पदे भरावीत. चौथी, जात, आदिवासींचे जगणे, स्त्रियांवरील हिंसा आणि दारिद्र्य यांचा मनावर होणारा परिणाम हा परीक्षेचा सक्तीचा विषय असावा. ऐच्छिक विषय म्हणून तो कोपऱ्यात ढकलू नये. आणि पाचवी, न्यायालयाच्या आदेशानुसार निघणारी समुपदेशकांची पदे कायम आणि आरक्षणाच्या नियमाने भरावीत. एचआयव्ही केंद्रांतले समुपदेशक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत आले आहेत. ज्याची स्वतःचीच भाकरी दर अकरा महिन्यांनी टांगणीला लागते, त्याने दुसऱ्याचे मन कसे सावरायचे?

शासनाइतकेच आपल्या समाजालाही सांगणे आहे. आपल्या घरात मुलगा हुशार निघाला की तो डॉक्टर व्हावा, इंजिनिअर व्हावा, नाही तर स्पर्धा परीक्षेला बसावा, एवढेच आपल्याला सुचते. पुण्यात अभ्यासिकेत पाच-पाच, सहा-सहा वर्षे काढून रिकाम्या हाताने परतलेली मुले आपण पाहतो. त्यांच्यातली कितीतरी समाजकार्याची, मानसशास्त्राची पदवीधर आहेत. मुलगी मानसशास्त्र घेते म्हणाली तर 'त्यात काय नोकरी आहे?' असे विचारून आपण तिला गप्प करतो. कुटुंब न्यायालयात १९८४ च्या कायद्याने समुपदेशक आहेत, रुग्णालयांत आहेत, आता शाळा-महाविद्यालयांत येणार आहेत. ही पदे उद्या भरली जातील तेव्हा आपल्याकडे पात्र माणसे नसतील तर त्या खुर्च्या रिकाम्या राहणार नाहीत. दुसरे कोणी तरी तिथे बसेल, आणि आपली मुले पुन्हा समोरच्या खुर्चीतच बसतील.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे असेही नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस ही शासनाची फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. हा क्रमांक प्रत्येक बुद्धविहाराच्या, वाचनालयाच्या आणि वसतिगृहाच्या भिंतीवर लागला पाहिजे. आपल्या समाजातले निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी यांनी जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा बाजूला काढून आपल्या जिल्ह्यातल्या एका तरी मुलाचा किंवा मुलीचा इंटर्नशिपचा खर्च उचलावा. वकील घडवण्यासाठी आपण कष्ट घेतले म्हणून अत्याचाराच्या खटल्यांत आपला माणूस उभा राहतो. शिक्षक घडवले म्हणून आपली पिढी शिकली. आता मनाची जखम पाहणारी, तिचे खरे नाव सांगणारी आणि तिच्यावर शास्त्राने उपचार करणारी माणसे घडवायची आहेत. एक समुपदेशक नीट तयार व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. येत्या जूनमध्ये जो प्रवेश घेईल, तोच पाच-सहा वर्षांनी त्या खुर्चीत बसलेला असेल. म्हणून प्रवेशाचा अर्ज या वर्षीच भरला गेला पाहिजे.